आरंभशूर, धांदरट, वेंधळा: एडीएचडी, खचलेला आत्मसन्मान आणि चित्र – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर) म्हणजे लक्ष न लागणं. त्यात आत्मसन्मानाचा प्रश्न कुठून आला?

शब्दांमधून आला. एडीएचडी असलेल्या माणसाला लहानपणापासून जे ऐकावं लागतं ते लक्षाबद्दल नसतं, स्वभावाबद्दल असतं. चावी हरवली की ‘वेंधळा’. दूध उतू गेलं की ‘धांदरट’. तबल्याचा क्लास तिसऱ्या महिन्यात सुटला की ‘आरंभशूर’. आणि प्रगतिपुस्तकावर दरवर्षी तेच: ‘हुशार आहे, पण अभ्यास करत नाही.’ यातलं ‘करत नाही’ सगळ्यात खोल पोखरतं. त्याचा अर्थ ‘जमतं, पण मुद्दाम टाळतो’ असा होतो.

खरं तर लक्ष कमी नसतं, ते हवं तेव्हा हवं तिथे वळवता येत नाही. कामाला हात घालणं, क्रम लावणं, तीन गोष्टी एकदम ध्यानात धरणं, वेळेचा अंदाज घेणं ही मेंदूची कामं एडीएचडीत अडखळतात. म्हणून तोच माणूस आवडीच्या कामात चार तास बुडून जातो आणि विजेचं बिल भरायला त्याला चार आठवडे लागतात. बघणाऱ्याला ही लबाडी वाटते. वर्षानुवर्षं ऐकून ऐकून करणाऱ्यालाही तसंच वाटायला लागतं.

मला एडीएचडी आहे हे ठरवायचं कोणी?

मनोविकारतज्ज्ञाने किंवा प्रशिक्षित चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने. मोबाइलवरच्या पाच प्रश्नांच्या चाचणीने नाही. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निकषांच्या संहितेत लक्षाची ९ आणि चंचलता-उतावीळपणाची ९ लक्षणं आहेत. मुलांमध्ये एखाद्या गटातली किमान ६, सतरा वर्षांपासून पुढे किमान ५ लक्षणं किमान सहा महिने असावी लागतात. काही लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून हवीत, आणि घर, शाळा, ऑफिस यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. बडोद्यात असाल तर सयाजी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे आणि कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. जाताना जुनी प्रगतिपुस्तकं घेऊन जा. शिक्षकांचे शेरे तिथे खरोखर उपयोगी पडतात.

चित्र काढल्याने एडीएचडी बरा होतो का?

नाही. विसरणं तेवढंच राहील, उशीर तेवढाच होईल. तसं कोणी सांगून महागडा कोर्स विकत असेल तर घेऊ नका.

चित्राने वेगळं काही होतं. ‘मी आळशी आहे’ हे डोक्यात असतं तेव्हा ते निव्वळ सत्य वाटतं, कारण त्याच्याकडे बाहेरून बघताच येत नाही. तेच कागदावर उतरलं की त्याला कडा येतात, रंग येतो, आकार येतो. ते हातभर लांब धरता येतं आणि ‘हे कोणी म्हटलं होतं? कधी? तेव्हा काय चाललं होतं?’ असं विचारता येतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं कलाकाम केलं आणि त्यांतल्या सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, खाली आलं. चित्रकलेचा अनुभव असणं-नसणं यावरून फारसा फरक पडला नाही. तो अभ्यास एडीएचडीवरचा नव्हता, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण ‘मला चित्र येत नाही’ ही अडचण मात्र त्याने बाजूला होते.

नेमकी सुरुवात कशाने करू? कोरा कागद बघूनच धडकी भरते.

मेणाच्या अक्षरांनी. यात चित्र काढायचंच नसतं, आणि वाळायचा वेळ सोडला तर बारा-पंधरा मिनिटांत काम पुरं होतं.

लागतं ते असं: साधी पांढरी मेणबत्ती, २०० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम, म्हणजे कागदाच्या जाडपणाचं माप) किंवा त्याहून जाड कागदाचा ए-५ तुकडा (ए-४ दुमडून फाडला की झाला), एक इंच रुंद चपटा ब्रश, जलरंग किंवा पोस्टर कलर, वाटीभर पाणी. मेणबत्तीचं टोक चाकूने तिरकं कापून घ्या. त्या धारेने कागदावर लहानपणापासून ऐकलेले शब्द लिहा. पांढऱ्यावर पांढरं, त्यामुळे लिहिलेलं दिसत नाही. हात सोडायला हेच बरं पडतं. कुठे लिहिलं हे बघायचं तर कागद खिडकीसमोर तिरका धरा. मग रंग पातळ करा, एक भाग पोस्टर कलरला पाच भाग पाणी, आणि ब्रश एकाच दिशेने, एकदाच फिरवत खाली या. मेण पाण्याला चिकटू देत नाही, म्हणून रंग बाजूला सरतो आणि अक्षरं पांढरी उमटतात.

चुकतं ते बहुधा तीन ठिकाणी. मेणबत्ती हलक्या हाताने फिरवली तर मेणाचा थर विरळ बसतो आणि अक्षरं अर्धीमुर्धी उमटतात. जोर लावा, खाली पाटी किंवा पोळपाट ठेवा. पोस्टर कलर दाट राहिला तर तो मेणावरही बसतो, कारण तो पारदर्शक नसतो. आणि झेरॉक्सचा ७०-७५ जीएसएमचा कागद घेतला तर पाण्याने फुगून त्याला सुरकुत्या पडतात.

वाळायला दहा मिनिटं द्या. मग बॉलपेनने प्रत्येक शब्दाशेजारी एक ओळ लिहा. उलट घोषणा लिहू नका. ‘मी महान आहे’, ‘मी सर्वांना आवडतो’ अशी वाक्यं स्वतःबद्दल आधीच वाईट वाटणाऱ्या माणसाला उलटी बोचतात. २००९ सालच्या एका प्रयोगात कमी आत्मसन्मानाच्या लोकांना असं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्यावर वाटणं सुधारण्याऐवजी खालावलं. त्याऐवजी घडलेलं लिहा: ‘तेव्हा आईने चार कामं एका दमात सांगितली होती.’ ‘त्या दिवशी रात्री दोनला झोपलो होतो.’ घडलेल्या गोष्टीशी मन वाद घालत नाही.

किती आणि कुठलं साहित्य घ्यावं?

थोडं. हे बजावून सांगावं लागतं, कारण एडीएचडीत नव्या छंदाचा उत्साह आधी दुकानात नेतो. चोवीस रंगांची पेटी, ईझल, सहा कॅनव्हास, आणि दोन महिन्यांनी त्या ढिगाकडे बघून पुन्हा ‘आरंभशूर’. पहिल्या महिन्याला ३००-४०० रुपयांच्या आत राहा. एक माध्यम संपेपर्यंत दुसरं घेऊ नका.

माध्यम निवडताना ‘मी हे मधेच विसरून उठलो तर काय होईल?’ असं विचारा. अ‍ॅक्रिलिकचा पातळ थर पंधरा-वीस मिनिटांत वाळतो, बडोद्याच्या मे महिन्यात त्याहून लवकर, आणि वाळला की पाण्यात विरघळत नाही. फोन आला, ब्रश तसाच राहिला, की तो ब्रश गेला. पॅलेटही गेली. नवशिक्याला हे माध्यम सोपं म्हणून सुचवतात, आमच्या मते एडीएचडी असलेल्यासाठी ते सुरुवातीला चुकीचं आहे. वड्यांचे जलरंग आठवड्याने ओला ब्रश लावला तरी जागे होतात. तेलखडूला पाणी लागत नाही, ब्रश लागत नाही, मधेच सोडला तरी बिघडत नाही. उन्हाळ्यात मात्र तो मऊ पडतो, गच्चीकडच्या खोलीत ठेवू नका. ट्यूबची झाकणं हमखास हरवतात, म्हणून वड्याच बऱ्या.

तर पहिली यादी: १२ वड्यांची जलरंगाची पेटी, ८ नंबरचा एक गोल ब्रश आणि एक इंची चपटा, २०० जीएसएमचे १० कागद, एक मेणबत्ती, दोन बॉलपेनं. खोडरबर घेऊ नका. खोडत बसण्यात अर्धा वेळ आणि सगळा धीर जातो.

दोन दिवस काढते आणि मग महिनाभर हात लागत नाही. काय करू?

पहिलं, साहित्य कपाटात ठेवू नका. एडीएचडीत डोळ्याआड गेलेली वस्तू मनाआड जाते, हा निष्काळजीपणा नव्हे, लक्षात धरून ठेवण्याची ताकदच थोडी कमी असते. एका उघड्या ताटात कागद, पेटी, ब्रश, अर्धी भरलेली पाण्याची बाटली ठेवा आणि ते ताट अशा ठिकाणी ठेवा जिथे दिवसातून एकदा बसणं होतंच: चहा पिता त्या खुर्चीजवळ, ओटल्यावर, देवघराशेजारी.

दुसरं, वेळ बारा मिनिटं. दोन मांडायला, आठ काढायला, दोन आवरायला. पंचवीस मिनिटांचे टप्पे अनेक ठिकाणी सुचवलेले असतात, पण ‘पंचवीस मिनिटं’ ऐकूनच ज्याचं मन मागे हटतं त्याला ते लांब पडतात. गजर फोनवर नको, स्वयंपाकघरातला किल्लीचा टायमर आणा. फोन हातात घेतला की तिथूनच दुसरीकडे जाणं होतं.

तिसरं, आधीच्या सवयीला जोडा. ‘रोज संध्याकाळी सहाला’ असं ठरवलेलं टिकत नाही, कारण सहा वाजलेले कळतच नाहीत. ‘चहाचा कप खाली ठेवला की ब्रश उचलायचा’ हे टिकतं. आणि महिना चुकला तर? तर आज बारा मिनिटं. चुकलेले दिवस भरून काढायचे नसतात, इथे हजेरीपट नाही.

दारात रोज रांगोळी घालणाऱ्या घरात हे सगळं आधीच असतं हे जाता जाता सांगायला हवं. डबा दारापाशी, वेळ सडा टाकल्यावर, पाच बाय पाच ठिपके, दहा मिनिटांत काम पूर्ण, आणि उद्या सकाळी जागा पुन्हा कोरी. जपायचं नाही, दाखवायचं नाही, अर्धं राहिलं तर कुणी जाब विचारत नाही. कागदाची भीती फारच असेल त्यांनी महिनाभर फक्त हेच करावं.

घरात अर्धवट चित्रांचा ढीग आहे. बघितलं की लाज वाटते. फेकून देऊ?

फेकू नका, त्याची गोधडी करा. जुन्या लुगड्या-धोतरांचे धड असलेले तुकडे वेचून आजीने गोधडी शिवली, तिला कोणी ‘अर्धवट साड्या’ म्हटलं नाही.

ए-३ आकाराचा जाड पुठ्ठा किंवा जुन्या कॅलेंडरचा पाठचा बोर्ड घ्या. अर्धवट चित्रांतून ५ सेंटिमीटरचे चौकोन फाडा, कापू नका. फाटलेली कड मऊ असते, शेजारच्या तुकड्यात मिसळते. कागद एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वाकडा, कारण तंतू एका बाजूला लागलेले असतात. आधी कोपऱ्यावर फाडून दिशा बघून घ्या. पाच ओळी आणि आठ रकाने, असे ४० तुकडे बसतात आणि भोवती थोडी मोकळी पट्टी राहते. पांढरा डिंक दोन भाग, पाणी एक भाग. पुठ्ठ्यालाही लावा आणि तुकड्याच्या पाठीलाही, मधून कडेकडे बोटाने दाबत जा. कोपरे उचकटतात ते कडेपर्यंत डिंक न पोचल्याने. फुगे येतात ते मधली हवा न काढल्याने. झाल्यावर वर प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर जाड पुस्तकं, रात्रभर. प्लॅस्टिक विसरलात तर सकाळी पुस्तक गोधडीला चिकटलेलं सापडेल.

हवं तर दुसऱ्या दिवशी दाभणाने एकेक सेंटिमीटरवर भोकं पाडून जाड दोऱ्याने धावदोरा घाला. भोकं आधी पाडायची, नाहीतर सुईच्या जोराने पुठ्ठा चिरतो. एका दिवशी एकच ओळ शिवा. ४० तुकड्यांमध्ये ४० वेळा केलेली सुरुवात असते, आणि शिवताना ती मोजली जाते.

बडोद्याच्या कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड राजघराण्याच्या स्मारकात, चित्रकार नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, तीही एका बैठकीत झालेली नाहीत. १९३९ ते १९४६ या काळात ते टप्प्याटप्प्याने येत राहिले आणि गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा (रवींद्रनाथ टागोरांचं नाटक), महाभारताचं युद्ध अशा चार भिंती पुऱ्या झाल्या. मधल्या वर्षांत एखादी भिंत कोरी होती म्हणून त्या कामाला कोणी धरसोड म्हणत नाही.

उत्तरायणानंतर गच्चीवर फाटके पतंग पडतात. त्यांचं काही करता येईल का?

याहून चांगलं फुकटचं साहित्य बडोद्यात दुसरं नाही. १४ जानेवारी आणि दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण उलटली की १६ तारखेला सकाळी पिशवी घेऊन गच्ची झाडा. मांजा हाताने ओढू नका, त्याला काचेची पूड असते. कात्रीने कापून वेगळा करा आणि पक्षी अडकू नयेत म्हणून कागदात गुंडाळून मगच कचऱ्यात टाका.

एक पतंग निवडा, ज्याचा कागद फाटलाय पण काड्या शाबूत आहेत. त्याला दुरुस्त करा, पण फाटलेलं लपवायचं नाही. गुंदरपट्टीच्या (पतंग सांधायच्या डिंकाच्या पट्टीच्या) ऐवजी वेगळ्याच भडक रंगाच्या पतंगाचा कागद पट्टीसारखा लावा. पिवळ्या पतंगावर जांभळी पट्टी. जितक्या चिरा, तितक्या पट्ट्या. पट्टीवर हवं तर साल लिहा: दहावीचं, नोकरी सुटल्याचं. मग तो खिडकीत टांगा. पतंगाच्या कागदातून उजेड आरपार येतो आणि जिथे दोन थर असतात तिथे रंग गडद होतो, म्हणून जोडलेल्या जागाच सगळ्यात ठळक दिसतात.

ओला डिंक वापरला तर हा पातळ कागद चिंब होतो आणि त्याचा रंग पसरतो, बोटंही रंगतात. कांडीचा डिंक वापरा, तोही पट्टीला लावा, पतंगाला नव्हे. वाकवलेल्या कमानीचा ताण कायम असतो, त्यामुळे मधोमध पट्टी लावताना कागद ओढू नका, सैल ठेवा. नाहीतर शेजारी नवी चीर जाते. (नवी चीर गेलीच तर तिलाही पट्टी.)

राग आणि लाज एकदम उसळते तेव्हा ब्रश हातात धरवत नाही.

तेव्हा माती. शाडू अर्धा किलो पुरते, गणपतीच्या आधी मूर्तिकारांकडे मिळते. तिला आपटा, मळा, दाबा. काही घडवायचंच असेल तर जे छातीत बसलंय त्याचा गोळा करा: जड असेल तर जड, काटेरी असेल तर काटेरी. जाडी सगळीकडे सारखी, एक-दीड सेंटिमीटरच्या आसपास ठेवा, मोठा गोळा असेल तर आतून पोकळ. पातळ भाग आधी वाळून आक्रसतो आणि जाड भाग ओलाच राहतो, त्या ओढाताणीत तडा जातो.

सावलीत चार-पाच दिवस वाळू द्या, रोज येता-जाता बघा. पूर्ण वाळला, गालाला लावल्यावर गार लागेनासा झाला, की बादलीभर पाण्यात सोडा. न भाजलेली सुकी शाडू पाणी शोषून आपोआप ढासळते, कडा सुटतात, बुडबुडे येतात. अर्धवट ओली असताना सोडली तर मात्र ती तशीच बसून राहते. इथे घाई नडते. बादलीशेजारी बसून शेवटपर्यंत बघा, घरच्या गणपतीचं विसर्जन बघतो तसं. रात्रभर गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी कुंड्यांना घाला, गाळ फडक्यावर वाळवून पुन्हा वापरा. मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो.

एकदा बसलो की पाच तास उठत नाही. जेवणही राहतं. हे चांगलंच ना?

त्या दिवशी चांगलं वाटतं. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, कामं साचतात, घरचे चिडतात, आणि चित्रकलाच गुन्ह्याच्या यादीत जाते. बसण्याआधी पाण्याची बाटली आणि काहीतरी खायचं शेजारी ठेवा. टायमर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, म्हणजे बंद करायला उठावंच लागेल. थांबताना पुढची एक ओळ कागदाच्या कोपऱ्यात लिहा, ‘उद्या डावीकडे निळा’. अर्ध्यात उठण्याची भीती ही धागा हरवण्याची भीती असते.

चित्र कोणाला दाखवावं? इन्स्टाग्रामवर टाकू?

तीन दिवस कोणालाच नाही. एडीएचडीत नकार किंवा थंड प्रतिसाद फार जोरात लागतो. तासाभरात सात लाइक आले की चित्राची नव्हे, स्वतःची किंमत सात वाटते. तीन दिवसांनी एकाच माणसाला दाखवा आणि ‘कसं झालंय?’ विचारू नका. त्याचं उत्तर ‘छान’ येतं आणि त्या ‘छान’चा आवाज जरा जरी उतरलेला असला तरी रात्र जाते. ‘तुला यात काय दिसतं?’ असं विचारा. समोरच्यालाही त्याचं उत्तर देणं सोपं जातं.

मुलगा आठ वर्षांचा आहे. चित्रकलेच्या स्पर्धेत घालू का?

आत्ता नको. विषय ठरलेला, वेळ ठरलेला, रंग कडेबाहेर गेला की गुण कमी: ज्या गोष्टींनी तो शाळेत रोज हरतो त्याच तिथे असतात. घरात भिंतीवर किंवा फरशीवर मोठा कागद चिकटवा, उभ्याने काढू द्या. हलत-डुलत काढलं तर बिघडत नाही. चुका दाखवू नका आणि ‘वा, किती सुंदर’ही म्हणू नका. जे दिसतं ते म्हणा: ‘इथे तू तीनदा लाल लावलास.’ ‘हा रस्ता पानाबाहेर गेला.’ आपल्याकडे कोणी नीट बघतंय हे त्याला कळतं, आणि पुढचं चित्र कौतुकाच्या बरोबरीचं व्हायलाच हवं असं ओझं राहत नाही. चित्रात स्वतःला फार लहान, काळं किंवा खोडलेलं काढत असेल तर तिथल्या तिथे अर्थ लावू नका. सारखंच घडत असेल तर तारखा घालून चित्रं डॉक्टरांकडे न्या.

चाळिशीत निदान झालं. आधी सुटल्यासारखं वाटलं, आता नुसता राग येतोय.

बायकांच्या बाबतीत हे फार होतं. मुलगी वर्गात उड्या मारत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती, म्हणून कोणाला संशयच आला नाही. पुढे ‘संसारात लक्ष नाही’ म्हणून बोलणी खाल्ली. निदानानंतर गेलेल्या वर्षांचा शोक होतो आणि तो करायला जागा हवी.

जुन्या जन्मपत्रिकेसारखी गुंडाळी करा. कॅलेंडरच्या पानांच्या पाठकोऱ्या बाजू १५ सेंटिमीटर रुंद कापून जोडत दोन मीटरची पट्टी बनवा. मधोमध आडवी रेघ. प्रत्येक ५ सेंटिमीटरला एक वर्ष, म्हणजे चाळीस वर्षं बरोबर बसतात. रेघेच्या वर लोक काय म्हणाले ते एका रंगात. खाली, दुसऱ्या रंगात, निदान कळल्यावर आज जे दिसतं ते. ‘तिसरी: दप्तर चारदा शाळेत विसरली’ याच्या खाली ‘वर्गात ६० मुली, मागचा बाक, पंख्याचा आवाज’. एका बैठकीत दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त उघडू नका, बाकीची गुंडाळून ठेवा. सगळं एकदम समोर आलं तर हुंदका आवरत नाही. क्रमाने जाण्याचीही गरज नाही.

औषध सुरू केल्यावर कल्पकता मरते असं ऐकलं.

मेथिलफेनिडेट किंवा अ‍ॅटोमॉक्सेटिन घेणाऱ्या काही जणांना आपण सपाट झालोय असं वाटतं. बऱ्याचदा मात्रा किंवा औषध बदलल्यावर ते जातं. चित्रासाठी म्हणून गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना नेमकं सांगा: कुठल्या वेळी, किती वेळ. पुष्कळांना उलट अनुभव येतो, कल्पना होत्याच, आता एक तरी पूर्ण होते.

बडोद्यात बघायला कुठे जावं?

रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याची भित्तिचित्रं, कमाटीबागेतलं १८९४ चं संग्रहालय, लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रं, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समधलं विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन. एका फेरीत एकच दालन आणि त्यात एकच चित्र, दहा मिनिटं. सगळं बघायचा हट्ट धरला तर विसाव्या मिनिटाला डोकं भणभणतं आणि ‘मला कलेतलंही कळत नाही’ असं म्हणत माणूस बाहेर येतो. तांबेकर वाड्यात मोठं दृश्य सोडा, एखाद्या कोपऱ्यातली एक आकृती बॉलपेनने वहीत उतरवा. हात चालू असला की लक्ष टिकतं.

चित्र काढल्यावर आणखीच वाईट वाटलं तर?

थोडं जड वाटणं, तासाभराने निवळणं, हे होतं. रात्री झोप उडाली, दोन-तीन दिवस तेच शब्द घोळत राहिले, तर शब्दांचे प्रयोग थांबवा आणि फक्त रांगोळी, माती, रंगाच्या पट्ट्या एवढंच करा. स्वतःला इजा करण्याचा किंवा जगू नये असा विचार आला तर चित्राने ते सांभाळायचं नसतं. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, आणि मराठी, गुजराती, हिंदीत बोलता येतं. तो नंबर त्या ताटातल्या कागदांच्या पहिल्या पानावर आत्ताच लिहून ठेवा, त्या वेळी शोधायला सुचत नाही.

काढलेली चित्रं ठेवायची कशी?

आडवी, पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये, पलंगाखाली नव्हे तर दिसेल अशा ठिकाणी. तेलखडूच्या चित्रांमध्ये बटर पेपर घाला, नाहीतर एकाचा रंग दुसऱ्याच्या पाठीला लागतो. पावसाळ्यात कागदावर बुरशीचे ठिपके येतात, म्हणून भिंतीला टेकवून ठेवू नका आणि ऊन पडलं की फाइल दोन तास उघडी ठेवा. प्रत्येक चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख, आणि किती मिनिटं बसलो तेवढंच लिहा. शाईने नको, ती पुढच्या बाजूला फुटते.